‘हे तुम्हाला दिसलं?’

मॅडम,
मी कळव्याला राहते. ठाण्यातल्या एका कॉलेजात एफवायबीएस्सीला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. बारावीला बायोलॉजीत 100 पैकी 88 होते. नीट दिली, नंबर लागला नाही, म्हणून बीएस्सी. पहिल्या सेमिस्टरला बायोलॉजीच्या दोन क्रेडिटच्या पेपरात 50 पैकी 25 मिळाले. इंटर्नल 20 पैकी 11, लेखी 30 पैकी 14. ग्रेड सी. मी सगळं पाठ केलं होतं, पुरवणीसुद्धा लावली होती. जर्नलमध्ये कांद्याच्या मुळाच्या टोकाची आकृती तासभर बसून काढली, तर सरांनी लाल पेनाने लिहिलं, ‘हे तुम्हाला दिसलं?’ आणि 10 पैकी 4 दिले. वर्गात जवळजवळ सगळ्यांनाच कमी आहेत. मग सगळ्यांचे मार्क वाढवायला नकोत का? सीनियर म्हणतात, हे सर मार्क देतच नाहीत. आई म्हणते, बायोलॉजी तुझा विषयच नव्हे, अजून वेळ आहे, बदल. मी काय करू?
कळव्याची एक विद्यार्थिनी

प्रिय मुली,

तुझ्या मार्कांआधी माझी नजर त्या लाल ओळीवर गेली. मी ठाण्यातच वर्षानुवर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं आहे आणि अशी ओळ मीही पुष्कळ जर्नलांत लिहिलेली आहे. तासभर खपून काढलेल्या आकृतीवर कुणी असं लिहिलं की लागतंच. तरी तो टोमणा आहे असं धरू नकोस. सरांनी तुला खरंच एक प्रश्न विचारला आहे, आणि तुझ्या 25 मार्कांचा उलगडाही त्यातच आहे.

तुझी आकृती मी पाहिलेली नाही, पण कशी असेल ते सांगू? पानाच्या मधोमध एका ओळीत चार पेशी, पेशी विभाजनाच्या चार अवस्थांच्या. पहिलीत प्रोफेज, दुसरीत मेटाफेज, तिसरीत अ‍ॅनाफेज, चौथीत टेलोफेज. सगळ्यांच्या भिंती पट्टीने आखल्यासारख्या. गुणसूत्रं अगदी मधल्या रेषेवर. बाणांची टोकं एकाखाली एक. अकरावीच्या पुस्तकात ही आकृती बरोबर असते, तिथे तिला पूर्ण मार्क मिळतात.

आता स्लाइडवर काय असतं ते आठव. मुळाचं टोक अ‍ॅसिडमध्ये मऊ केलेलं, रंगवलेलं, कव्हरस्लिपवर अंगठ्याने दाबून पसरवलेलं. पेशी एकमेकींवर चढलेल्या. काही फुटलेल्या. मध्येच एखादा हवेचा बुडबुडा, त्याची काळी गोल कड पाहून दरवर्षी कुणीतरी ‘मॅडम, सापडलं!’ म्हणून हाक मारतं. आणि मुख्य म्हणजे बहुतेक पेशी काहीच करत नसल्यासारख्या दिसतात, गोल केंद्रक घेऊन नुसत्या बसलेल्या. तो इंटरफेज, दोन विभाजनांच्या मधला काळ. विभाजन होत असलेली पेशी शोधावी लागते. सापडली तर बहुधा प्रोफेजमधली, दोऱ्याच्या गुंड्यासारखी. स्वच्छ अ‍ॅनाफेज दिसला तर शेजारच्या टेबलावरची मुलं बघायला येतात.

तू जर 400 पट मोठं करून दिसलेलं ते क्षेत्र, त्यातल्या वीस-पंचवीस पेशी, जशा होत्या तशा वेड्यावाकड्या काढल्या असत्यास, बाजूला ‘नेत्रभिंग 10, वस्तुभिंग 40’ लिहिलं असतंस, आणि एका पेशीवर बाण करून ‘अस्पष्ट, बहुधा मेटाफेज’ असं लिहिलं असतंस, तर मी तुला 10 पैकी 8 दिले असते. ‘अस्पष्ट’ लिहायला मुलं घाबरतात. मला मात्र तो शब्द जर्नलात दिसला की बरं वाटायचं, कारण त्या मुलीने डोळा भिंगाला लावला होता याचा तो पुरावा असायचा.

आणि पुढची गंमत बघ. समज, तू 200 पेशी मोजल्यास आणि त्यातल्या 18 विभाजन होत असलेल्या निघाल्या. म्हणजे मायटॉटिक इंडेक्स 9 टक्के. मग सर विचारणार, इंटरफेजच्या पेशी इतक्या जास्त का? उत्तर पुस्तकातल्या चार पेशींच्या ओळीत कधीच सापडणार नाही. ज्या अवस्थेत पेशी जास्त वेळ राहते, त्या अवस्थेतल्या पेशी कुठल्याही क्षणी जास्त दिसतात. ठाणे स्टेशनचा फोटो काढला तर धावत गाडी पकडणारे दोन-चारच दिसतील, वाट बघत उभे असलेले शेकडो, तसंच. एका थांबलेल्या चित्रावरून तू वेळ मोजलीस! मला विचारशील तर पहिल्या वर्षाच्या बायोलॉजीत याहून सुंदर काही नाही, आणि दुसऱ्याच्या जर्नलवरून उतरवणाऱ्या मुलांच्या हातून नेमकं हेच निसटतं. तू उतरवलंस असं मी म्हणत नाही. पण पुस्तकातून काढलंस, आणि परिणाम तोच झाला.

आता लेखी पेपर. 88 वरून एकदम 50 टक्के कसे, हा तुझा खरा सल आहे. त्यात नीटचा हात मोठा आहे. दोन वर्षं तू पर्यायांतून उत्तर ओळखण्याची तयारी केलीस. तीन तासांत 180 प्रश्न, एकेका प्रश्नाला एक मिनिट. तिथे ओळ ओळखीची वाटली की काम भागतं. ओळखणं वेगळं आणि कोऱ्या कागदावर आठवून मांडणं वेगळं. पाच वेळा वाचलेली ओळ सहाव्यांदा ओळखीची वाटते, आणि आपल्याला वाटतं, हे येतंय. रॉडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही विद्यार्थ्यांना उतारा पुन्हा वाचायला दिला, काहींना तो न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, म्हणून हे सांगितलं.

दुसरं असं, की प्रश्नच बदललेला आहे आणि ते तुला कुणी सांगितलेलं नाही. एक उदाहरण घेते. ‘हायपरटॉनिक द्रावणात ठेवलेल्या वनस्पती पेशीत काय होते ते स्पष्ट करा’, 5 मार्क. या प्रश्नावर मी जितक्या उत्तरपत्रिका तपासल्या त्यातल्या बऱ्याच परासरणाच्या व्याख्येने सुरू व्हायच्या, पुढे हायपोटॉनिक, आयसोटॉनिक, हायपरटॉनिक या तिन्हींच्या व्याख्या, मग पेशीची एक आकृती. दीड पान भरायचं. आणि मी 2 मार्क द्यायचे. मुलीला वाटायचं, एवढं लिहिलं, सगळं बरोबर लिहिलं, तरी 2? बरोबर होतंच ते. पण पेशीत काय झालं हे त्यात कुठेच नव्हतं.

आता हेच स्वयंपाकघरात बघ. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ आधीच घातलं की तिला पाणी सुटतं, म्हणून आपण पानं वाढायच्या वेळी घालतो. का सुटतं? मीठ काकडीच्या फोडींवरच्या ओलाव्यात विरघळतं. बाहेरचं पाणी आता जास्त खारट, म्हणजेच हायपरटॉनिक, पेशीच्या आत त्या मानाने कमी. पेशीच्या पटलातून पाणी सहज जातं, मीठ सहज जात नाही. म्हणून पाणी आतून बाहेर येतं. आतली रिक्तिका, म्हणजे पेशीतली पाण्याची पिशवी, आटते, पटल आकसून भिंतीपासून सुटतं, भिंत मात्र जागच्या जागी राहते, कारण ती कडक आहे. हाच रससंकोच. आतून दाब द्यायला पाणी उरलं नाही म्हणून फोड लिबलिबीत होते.

बघ, मी एकही व्याख्या सांगितली नाही, पण पाचही मार्कांचं सगळं आलं. पाणी कुठून कुठे गेलं, एक मार्क. का गेलं, एक. पटल काय करतं, एक. भिंत आणि पटल वेगळे वागतात हे, एक. शेवटचा मार्क भिंतीपासून सुटलेलं पटल दाखवणाऱ्या आकृतीला. ऱ्हिओच्या पानाच्या जांभळ्या सालीवर मिठाचं पाणी टाकून तुम्ही हे प्रॅक्टिकलला केलं असेल. जांभळा रंग भिंतीपासून सरकत मध्ये गोळा होतो ना, तोच काढायचा. आणि नंतर साधं पाणी घातल्यावर तो पुन्हा पसरला, असं एक वाक्य लिहिलंस तर तपासणाऱ्याला कळतं की ही मुलगी प्रॅक्टिकलला होती.

आणखी थोडं पुढे जा. कळव्याहून ठाण्याला येताना गाडी खाडीवरून जाते. दारात चेंगरत असशील तरी खाली दोन्ही बाजूंना खारफुटी दिसते. त्यात तिवर असते, जिची श्वसनमुळं ओहोटीच्या वेळी चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली दिसतात. ती आयुष्यभर खाऱ्या चिखलात उभी. मग तिच्या मुळांची कोशिंबीर का होत नाही? हा प्रश्न कुठल्याही गाइडमध्ये नसेल, आणि कॉलेजातला चांगला शिक्षक नेमका हाच विचारेल. व्याख्या इथे काही कामाची नाही. तर्क केलास तर कळेल, की तिवरेने आपल्या पेशीतला रस बाहेरच्या खाऱ्या पाण्यापेक्षाही दाट ठेवला पाहिजे, तरच पाणी आत येईल. ती तसंच करते. मात्र मिठाचा अतिरेक होऊ नये म्हणून बरंचसं मीठ मुळाशीच अडवते, आणि जे आत येतं त्यातलं जास्तीचं पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकते. उन्हाळ्यात तिच्या पानावर मिठाचे पांढरे कण दिसतात. जीभ लावली तर खारट लागतं, मी लावून पाहिलेली आहे. ऐरोलीला वन विभागाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथल्या लाकडी पुलावरून ही झाडं हाताशी येतात. एखाद्या रविवारी मैत्रिणींना घेऊन जा.

मराठी माध्यमाबद्दल तू एकच ओळ लिहिली आहेस, पण मला ती जड वाटली. इंग्रजीत स्वतःची वाक्यं बनवायची भीती वाटते म्हणून मुलं पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी पाठ करतात, आणि मग प्रश्न थोडा फिरला की हात बांधले जातात. माझ्या वर्गात कळवा-मुंब्र्यापासून मुरबाड-शहापूरपर्यंतची मुलं असायची. त्यांना मी सांगायचे, आधी उत्तर मराठीत स्वतःशी बोला, काकडीचं बोलले तसं. मग मार्जिनमध्ये बाणांनी लिहा: बाहेर मीठ जास्त, पाणी बाहेर, रिक्तिका लहान, पटल सुटलं. आता एकेका बाणाचं एकेक छोटं इंग्रजी वाक्य करा. पाच-सहा शब्दांचं चालेल. व्याकरण चुकलं म्हणून बायोलॉजीचा मार्क कापणारा शिक्षक मला तरी माझ्या विभागात भेटला नाही. बाण उलटा काढला तर मात्र कापणारच.

तुझ्या सरांबद्दल. मला त्यांची बाजू माहीत नाही, पण त्यांच्या टेबलावरचा गठ्ठा माहीत आहे. दोन क्रेडिटचा थिअरीचा पेपर म्हणजे सेमिस्टरभरात 30 तास शिकवणं, कारण थिअरीच्या एका क्रेडिटला 15 तास धरतात. त्या 30 तासांत पेशीपासून विभाजनापर्यंत सगळं उरकायचं, शिवाय क्लास टेस्ट, असाइनमेंट, हजेरी. तरीसुद्धा माझं स्पष्ट मत आहे, की कशाला किती मार्क आहेत हे मुलांना आधी कळलं पाहिजे, आणि ते सांगणं शिक्षकाचं काम आहे. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक मुलगा पेपर घेऊन आला आणि म्हणाला, ‘मॅडम, पूर्ण मार्कांचं उत्तर कसं असतं ते एकदा दाखवा ना.’ माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. पूर्ण उत्तर माझ्या डोक्यात होतं, कागदावर नव्हतं. मी इतकी मुलं नापास केली होती आणि त्यांच्याकडून नेमकं काय हवं होतं हे कधी लिहूनसुद्धा काढलं नव्हतं. ते मला फार लागलं. त्यानंतर प्रत्येक टेस्टनंतर मी नमुना उत्तर मार्कांच्या फोडीसकट नोटिस बोर्डवर लावत असे.

तेव्हा तू सरांकडे जा. मार्क वाढवा म्हणायला जाऊ नकोस, त्याने दोघांचाही वेळ जातो. जर्नल आणि टेस्टचा पेपर घेऊन जा, तुला सगळ्यात कमी मार्क मिळालेला एकच प्रश्न काढ आणि विचार, ‘सर, यात मी काय लिहायला हवं होतं?’ लेक्चर संपल्या संपल्या दारात गाठू नकोस, स्टाफरूममध्ये कधी येऊ ते विचारून जा. आणि त्यांनी सांगितलेलं तिथेच त्या उत्तराच्या बाजूला लिहून घे. सीनियर म्हणतात तसे ते मार्क न देणारे असतीलही, पण जे सर जर्नल वाचून लाल पेनाने प्रश्न लिहितात, ते तुझं जर्नल उघडतात. नुसती सही ठोकून परत करणाऱ्यांपेक्षा मला ते कधीही बरे वाटतात.

बेरजेत चूक असेल, एखादं उत्तर तपासायचं राहिलं असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा संकोच करू नकोस. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी आणि रिव्हॅल्यूएशन यांचे अर्ज ठरावीक मुदतीतच घेतात, तारीख परीक्षा विभागाच्या खिडकीवर विचार.

सगळ्यांनाच कमी असतील तर सगळ्यांचे वाढवावेत का? वर्गातल्या इतरांच्या तुलनेत ग्रेड देण्याची पद्धत असते, पण तुमच्या गुणपत्रिकेवरची ग्रेड तुझ्या स्वतःच्या मार्कांवरून ठरते. अख्ख्या वर्गाला एखाद्या प्रश्नात शून्य आलं तर प्रश्न चुकला होता का हे विभागाने बघायलाच हवं, आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून ते शांतपणे विचारायलाही हवं. पण सरसकट पाच-पाच मार्क वाढवून तुला रससंकोच समजणार नाही, आणि दुसऱ्या वर्षी त्याच पायावर पुढचं येणार आहे.

त्या सी ग्रेडची भीती जरा आकड्यात मोजूया. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 10 गुणांच्या श्रेणीत ओ म्हणजे 10, ए प्लस 9, ए 8, बी प्लस 7, बी 6, सी 5. सेमिस्टर 22 क्रेडिटचं धर. तुझा पेपर 2 क्रेडिटचा. सीऐवजी तुला ए मिळाली असती तर फरक 3 गुणांचा, गुणिले 2 क्रेडिट, म्हणजे 6. भागिले 22. एसजीपीएत, म्हणजे सेमिस्टरच्या सरासरी गुणांत, 0.27 चा फरक. तोसुद्धा सहापैकी एका सेमिस्टरमध्ये. यावरून आयुष्याचा विषय बदलायचा नसतो.

आईला वाटते ती काळजी आहे. नीटच्या निकालापासून घरात सगळ्यांचंच मन हळवं झालेलं असणार, आणि तुला पुन्हा एकदा वाईट वाटू नये म्हणून ती विषय बदल म्हणते आहे. तिला ते वरचं गणित दाखव. पण एका गोष्टीचं उत्तर तू स्वतःला द्यायचं आहेस. बायोलॉजी तुला आवडते म्हणून घेतलीस, की डॉक्टरकीच्या जवळ राहायला म्हणून? दुसरं असेल तर दुसऱ्या सेमिस्टरनंतर विषय बदलण्यात काही गैर नाही. मात्र तोपर्यंत एक तरी प्रॅक्टिकल पुस्तक मिटून कर. पुस्तकाची परीक्षा तू देऊन झालीस. विषयाशी तुझी गाठ अजून पडलेली नाही, आणि न भेटलेल्या माणसाबद्दल मत बनवू नये तसंच हे आहे.

आज रात्री एक छोटा कांदा घे. जुनी सुकी मुळं सुरीने हलकेच खरवडून काढ, आणि बूड जेमतेम पाण्याला टेकेल असा ग्लासच्या तोंडावर ठेव. पाणी रोज बदल. दोन-तीन दिवसांत पांढरी मुळं बोटाच्या पेराएवढी होतील. लॅबमधल्या काकांना अ‍ॅसिड आणि रंगासाठी आधी विचारून ठेव, ते शिकायला आलेल्या मुलीला सहसा नाही म्हणत नाहीत. सकाळी मुळाचं अगदी टोक, दोन मिलिमीटरच, कापायचं. त्याच्या मागच्या भागात विभाजन सापडणार नाही, आणि निम्म्या वर्गाची स्लाइड तिथेच फसते. 200 पेशी मोज. गुणसूत्रं मोजता आली तर 16 यायला हवीत. नाही आली तर ‘मोजता आली नाहीत’ असं लिही आणि सरांनी लाल ओळ लिहिलेल्या पानाच्या समोरच्या कोऱ्या पानावर ती आकृती काढून त्यांना दाखव.